महादेवरावांचं नाटक

महादेवरावांनी बराकीतल्या कडूबाच्या तोंडावर गरम वरणाची वाटी फेकली, त्या दिवसापासून तुरुंगात सगळ्यांचं एकमत झालं की हा म्हातारा वेडाचं सोंग घेतोय.

घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी हा छोटासा तुरुंग आहे. कार्यालयाला लागून एक अडगळीची खोली होती. तिथलं सामान हलवून एक टेबल टाकलं होतं आणि तिथे समीक्षा बसायची. ती मूळची दुसरबीडची. मानसशास्त्र शिकलेली, कंत्राटावर नेमलेली. आठवड्यातले काही दिवस ती कैद्यांशी बोलायला यायची. कैदी तिला ‘डोक्याच्या मॅडम’ म्हणत आणि आपण जे बोलतो ते ही बाई जेलरसाहेबांच्या कानावर घालते, असं धरून चालत. साहेबांना उलट वाटायचं. पोरगी भोळी आहे, कैदी तिला गुंडाळतात, असं ते तिच्यादेखत म्हणायचे. दोन्हीकडून संशय अंगावर घेऊन काम करायची तिला सवय झाली होती.

महादेवराव मोताळ्याच्या बाजूचे. साठी उलटलेली, अंगाने काटक. वांगी-मिरचीचा मळा होता आणि धाकटा भाऊ गोविंदा त्यांच्यासोबतच राबायचा. एका सकाळी त्यांनी त्याच गोविंदाच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला. गोविंदा वाचला, पण त्याच्या डाव्या हातात पहिली ताकद राहिली नाही. मारायचं आधीपासून ठरवलं होतं का, असं पोलिसांनी विचारल्यावर महादेवरावांनी होकारार्थी मान हलवली होती म्हणे. तेवढ्यावर त्यांची बाजू फार अवघड झाली होती.

तुरुंगात आल्यावर ते भटारखान्यातलं जेवण टाळायला लागले. केळी सोलून खायचे, शेंगदाणे फोडून खायचे. बायको वच्छलाबाई भेटायला आल्या, तर काचेपलीकडून फोनवर बोलायचं सोडून ते नुसते बघत राहिले आणि फोन ठेवून परत फिरले. हवालदार किसनरावांना म्हणाले, “ते नुसतं तोंड हालवते. त्यायनं तिले बी फोडलं.”

मग कडूबाचं प्रकरण झालं. खरं काय ते बघा आणि सांगा, असं साहेबांनी समीक्षाला सांगितलं. वरून म्हणाले, “खटला उभा राहायची वेळ आली, की बऱ्याच जणांचं डोकं फिरतं. वकीलच शिकवतात.”

किसनराव महादेवरावांना घेऊन आले. महादेवरावांनी बसायच्या आधी स्टूल ओढून भिंतीला लावलं. मग पाठ टेकून ते समीक्षाच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांत नाही, ओठांवरच. तिला ती नजर आवडली नाही.

“कडूबाला का मारलंत, बाबा?”

“ते हासून राह्यलं होतं.”

“कोणावर?”

“माह्यावर. सगळेच हासतेत. मी आलो का बोलणं हळू करतेत. तुमीच सांगा मॅडम, काऊन हळू करतेत?”

“आणि जेवणात काय आहे?”

“ते मले काय मालूम? मले पाह्यलं का एकमेकाच्या कानाशी लागतेत. कायी नसतं तं लपवलं कशाले असतं?”

बाहेर कोणीतरी पालापाचोळा पेटवला होता. खिडकी लावायला समीक्षा उठली आणि तशीच पाठमोरी म्हणाली, “गोविंदा पण हसत होता का?”

उत्तर आलं नाही. ती वळली. महादेवराव स्वस्थ बसले होते.

“बाबा, विचारतेय मी काहीतरी.”

“काय विचारता?”

दाराशी उभे असलेले किसनराव हसले. “पाहा मॅडम. मनात आलं तं आयकते, नाही तं नाही. लै पक्कं आहे हे.”

तिलाही तसंच वाटलं. मागे एका तरुण कैद्याने आपल्याला आवाज ऐकू येतात म्हणून तिला पुरतं फसवलं होतं आणि नंतर बराकीत त्यावर हशा पिकला होता. ते ती विसरली नव्हती.

धूर आत आलाच. घसा खवखवायला लागला तशी तिने ओढणी तोंडावर धरली आणि बोलत राहिली. महादेवराव ताडकन उठले.

“तोंड काऊन झाकलं? काय लपवून राह्यल्या?”

किसनरावांनी त्यांचा दंड धरला. पण समीक्षा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. कपाळावर घाम आला होता, ओठ थरथरत होते. हा राग नव्हता. माणूस घाबरला होता. सोंग घेणारा वेडेपणा करून दाखवतो, आरडतो, बरळतो. एवढ्याशा ओढणीला घाबरायचं कोणाला सुचेल?

घरी जाताना एसटीत बसल्यावरही तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढच्या खेपेला ते नळावर हातपाय धूत असताना ती मुद्दाम मागून गेली. किसनराव बाजूलाच होते.

“महादेवराव,” ती मोठ्याने म्हणाली, “वच्छलाबाई आल्यात गेटवर.”

मान वळली नाही. ते पाय चोळत राहिले. तिने जवळ जाऊन खांद्याला हात लावला, तसे ते दचकून उभे राहिले आणि हातातलं टमरेल त्यांनी मारायला उगारलं. तिला ओळखल्यावर हळूहळू खाली घेतलं.

“हे बी नाटकच,” किसनराव म्हणाले. “त्याले मालूम आहे तुमी पारखून राह्यल्या ते.”

समीक्षा महादेवरावांच्या समोर आली. तिने फक्त ओठ हलवले, आवाज अजिबात काढला नाही. कान दुखतात का?

“दुखत नाही,” महादेवराव म्हणाले. “गुणगुण करतेत. चक्कीसारखे.”

किसनरावांनी दोघांकडे पाहिलं. “मॅडम, तुमी काय विचारलं त्याले?”

“तुम्हाला नाही ऐकू आलं?”

“नाही ना.”

“त्यांनाही नाही आलं.”

किसनरावांनी वाहता नळ बंद केला. समीक्षाने ‘तुम्हाला ऐकू कमी येतं’ असं म्हणताच महादेवराव बिथरले.

“मी कायी बहिरा नाही! मले सगळं आयकू येते. लोकच हळू बोलतेत. आता तुमी बी त्यायच्यातल्याच निघाल्या.”

ते तरातरा बराकीकडे निघून गेले. नंतर बरेच दिवस ते तिच्या खोलीत आले नाहीत.

साहेबांनाही तिचं म्हणणं पटलं नाही. दवाखान्यात न्यायचं म्हणजे बंदोबस्त मागवायचा, आणि कैदी पळतात ते दवाखान्यातूनच. “बहिरेपणाचं सोंग तर वेडाहून सोपं,” ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “त्याच्या घरचं कोणी तुम्हाला भेटलंय का?”

समीक्षाचे कान तापले. “नाही सर. पण यंत्राने तपासलं की कळेलच. सोंग असेल तर मीच तसं लिहून देते.”

“लिहून द्यावंच लागेल,” साहेब म्हणाले. तुरुंगाच्या डॉक्टरांनीही चिठ्ठी दिली, तेव्हा कुठे परवानगी निघाली.

दवाखान्यात महादेवरावांच्या हातात बेडी होती. एका बाजूला पोलीस शिपाई, दुसऱ्या बाजूला किसनराव. कानाच्या विभागाबाहेरच्या गर्दीत शिपायाला एक माणूस दिसला. डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं. तो एका खांबाआडून यांच्याकडे टक लावून बघत होता. शिपायाने नजर रोखली की तो मागे सरायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा पुढे यायचा. त्याचा एक हात उपरण्याखाली होता.

“याचा साथीदार आहे कोणी,” शिपाई कुजबुजला. “नाही तर डूख धरून आलाय.”

किसनरावांनी समीक्षाकडे पाहिलं. त्या नजरेत साहेबांचाच प्रश्न होता.  आज इथे काही भलतं झालं, तर म्हाताऱ्याची बाजू तर बुडेलच, तिच्यावरही कोणी पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

महादेवरावांना आत नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या, डोळे मिटून पडून राहायला सांगितलं. “यात त्यांना काही बोलायचं नाही,” ते समीक्षाला म्हणाले. “आवाज पोचला की मेंदू आपोआप उत्तर देतो. सोंग घ्यायला जागाच नाही.”

पडद्यावरची रेघ बराच वेळ जवळजवळ सपाट सरकत राहिली. डॉक्टर आवाज वाढवत गेले. शेवटी म्हणाले, “दोन्ही कान फार गेलेत. कित्येक वर्षं हळूहळू जात असणार. वयाने, एखाद्या औषधाने, आता सांगता येणार नाही. ओठ बघूनच भागवत आलेत हे.”

तेवढ्यात बाहेर गलका झाला. किसनरावांनी खांबाआडच्या माणसाला धरून दारापर्यंत आणलं होतं. उपरणं ओढलं तेव्हा खालून एक वाळलेला, लोंबता हात निघाला. टोपी पडली. केसांतून एक जाड व्रण गेला होता.

“मी गोविंदा,” तो म्हणाला. “भाऊ आहे त्याचा.”

“म्हणजे फिर्यादी तूच?” शिपाई ओरडला. “मग अथी काय करून राह्यला बे?”

“वहिनीले तपासणीचं कळलं होतं. तिनं सांगतलं. मले फक्त पाहाचं होतं, दादाले खरंच आयकू येत नाही का.” त्याचा आवाज चढला. “मले बी वाटे हे नाटकच आहे म्हून.”

शिपाई त्याला बाहेर ढकलू लागला. समीक्षा मधे पडली. “झडती घ्या, दार लावून घ्या, तुम्ही दोघं इथेच उभे राहा. पण थोडं थांबू द्या.” शिपाई तयार नव्हता. किसनरावांनी गोविंदाची झडती घेतली आणि आपण होऊन दार लावलं.

डॉक्टरांनी तपासणीपुरतं ठेवलेलं ऐकण्याचं यंत्र महादेवरावांच्या कानात बसवलं आणि चालू केलं. महादेवराव दचकले. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग बेडी हलवली, आणि ती वाजली तशी पुन्हा हलवली.

मग त्यांना दाराशी उभा असलेला भाऊ दिसला. ते उठून उभे राहिले. नजर सवयीने गोविंदाच्या ओठांवर गेली. गोविंदाने मान खाली घातलेली होती.

“दादा,” तो तसाच म्हणाला.

महादेवरावांनी आवाजाकडे कान केला.

“त्या दिवशी मी अन् माही बायको मळ्यात बोलत होतो. तू आला अन् आमी गप झालो. आठवते?”

“आठवते,” महादेवराव म्हणाले. “काय बोलत होते?”

गोविंदाने समीक्षाकडे, मग पोलिसांकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. तिलाही क्षणभर वाटलं, त्याने काहीतरी चांगलं सांगावं आणि हे मिटवावं.

“तुह्याबद्दलच बोलत होतो, दादा. हासत बी होतो. बजारात गिऱ्हाईकानं वांग्याचा भाव इचारला अन् तू मिरचीचा सांगतला ना, त्याची नक्कल करत होती माही बायको. तू म्हातारा झाला, तुले कायी समजत नाही, असं म्हनत होतो. पन मळा घ्याचा, तुले मारून टाकाचं, असं कवाच नाही बोललो. पोरायची शपथ.”

महादेवराव खाली बसले. मोठ्या आवाजात, स्वतःच्याच आवाजाला बिचकत म्हणाले, “म्हंजे हासत होते.”

“हाव.”

“म्हंजे मी येडा नव्हतो.”

“नव्हता. पन मी बी तुह्या जिवावर उठलो नव्हतो.”

महादेवरावांनी त्याच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, आणि मग ते रडायला लागले. बेडीमुळे डोळे पुसता येत नव्हते. किसनरावांनी खिशातून रुमाल काढला, क्षणभर घुटमळले आणि स्वतःच त्यांचं तोंड पुसलं.

सगळं काही लगेच सुरळीत झालं नाही. यंत्र आल्यावर बराकीतला प्रत्येक शब्द कानावर पडायला लागला, आणि लोक खरोखरच त्यांच्याबद्दल बोलतात हे त्यांना कळलं. आता ते समीक्षाकडे येऊन विचारत, “ते असं म्हनलं, त्याचा अर्थ काय?” बहुतेक वेळा अर्थ साधाच असायचा. कधीकधी नसायचा, आणि तेव्हा ती तसं स्पष्ट सांगायची. त्यामुळेच बहुधा त्यांचा तिच्यावर थोडा विश्वास बसला. वच्छलाबाई पुन्हा आल्या तेव्हा ते फोन कानाशी धरून शेवटपर्यंत बसले. निघताना त्यांनी बायकोच्या आवाजाला चिरका म्हटलं, आणि काचेपलीकडे वच्छलाबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

पोलिसांपुढे हलवलेल्या मानेचा काय अर्थ घ्यायचा, हा प्रश्न त्यांच्या वकिलाने तपासणीच्या आधारे कोर्टात मांडला. जामिनाला आपली हरकत नाही, असं गोविंदानेही सांगितलं. खटला संपलेला नाही. डोक्यात दांडा घातला होता हे तर खरंच आहे, आणि त्याचा निकाल लागायचा तो लागेल. पण जामीन झाला.

सुटकेच्या दिवशी समीक्षा गेटपर्यंत गेली. गोविंदाचा मोठा मुलगा मोटारसायकल घेऊन आला होता आणि गोविंदा बाजूला उभा होता. बापाने मुलाच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. महादेवराव जागीच थांबले.

“काय म्हनला त्याले?”

“हळू चालव म्हनलो. तुह्या मशीनमंधी वारा घुसते म्हून.”

महादेवरावांनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं, मग भावाच्या. उत्तर खरं की खोटं, हे तपासायला त्यांच्याकडे काही नव्हतं.  मग त्यांनी धोतराचा काचा आवरला, पोराच्या खांद्यावर हात टेकला आणि मागे बसले.