वायुवल्लीची आंघोळ

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल इतका भरला होता की मागच्या रांगेतल्यांना श्वाससुद्धा आळीपाळीने घ्यावा लागत होता. व्यासपीठावर काचेची बरणी होती आणि बरणीत वीतभर उंचीचं, पिसासारख्या नाजूक फांद्यांचं हिरवंगार झुडूप.

“माती?” पवनबाबांनी विचारलं.

“नाही!” हॉल गरजला.

“पाणी?”

“नाही!”

“मग ही वायुवल्ली जगते कशावर?”

“हवेवर!”

“हवेवर!” बाबांनी डोळे मिटून एवढी हवा आत ओढली की पहिल्या रांगेच्या वाट्याला फारशी उरली नसावी. “झाडाला जमतं ते माणसाला जमू नये? कशाला त्या गोळ्या, कशाला त्या सुया? फांदी घरी न्या. तिला पाणी तेवढं लावू नका, पाण्याने तिचं तप मोडतं. जोवर तुमच्या घरची वल्ली हिरवी, तोवर तुमचं शरीर निरोगी!”

दर्शनाची रांग सुरू झाली. त्या रांगेत एक लॉन्ड्रीवाले, त्यांची बायको आणि त्यांची धाकटी बहीण असे तिघं होते. बहीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. समुद्रातल्या खडकांना आणि शिंपल्यांना चिकटून राहणाऱ्या बारीक जिवांवर या बाईंनी ऐन तारुण्यातली वर्षं घालवली होती. ते जीव म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणाला आजवर सांगता आलं नव्हतं. “ही आमची धाकटी. समुद्रातलं काहीतरी शिकवते,” अशी दादा तिची ओळख करून द्यायचा आणि लगेच चहा मागवायचा.

बाई काही दर्शनाला आल्या नव्हत्या. वहिनीला जुना मधुमेह होता, आणि वल्लीची फांदी घरात आल्यापासून तिचं इन्सुलीन फ्रीजच्या दारात नुसतं पडून होतं. सकाळीच दोघींचं वाजलं होतं.

“वहिनी, तोंड बघ कसं सुकलंय तुझं. सारखी पाणी पितेस, उठलीस की चक्कर येते. इंजेक्शन घे, नाहीतर दवाखान्यात चल.”

“वल्ली हिरवी आहे ना, वन्सं? मग मी बरी आहे.” वहिनीने फांदीची डबी छातीशी धरली. “तुम्ही एकदा बाबांना बघा तरी. मग बोला.”

म्हणून बाई आल्या होत्या. त्यांचा नंबर आला, तशा त्या बरणीवर वाकल्या. सवयीने हात पर्समध्ये गेला आणि किल्ल्यांच्या गुंत्यातून भिंग बाहेर आलं. भिंगातून एक नजर टाकली मात्र, त्यांचा चेहरा असा खुलला, जशी हॉस्टेलमधली जुनी मैत्रीण अचानक बसस्टॉपवर भेटावी.

“अगं बाई! तू इथे?” त्या मोठ्याने म्हणाल्या. पुढचं तोंडातून आपसूकच निघालं, कारण नमुना दिसला की त्याचं कुळ सांगायचं हे वर्षानुवर्षं त्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेत होत्या. “निडारिया! हायड्रोझोआ! लेप्टोथिकाटा! सर्टुलॅरिइडी!”

रांग दोन पावलं मागे सरकली.

“ताईंच्या अंगात आलं!” बाबांचा चेला ओरडला.

धडाधड माणसं खाली वाकली. बाबा क्षणभर चपापले, पण धंद्यात मुरलेले होते. “ऐका! देवी वल्लीच्या मूळ भाषेत बोलते आहे!”

“लेप्टोथिकाटा,” एक आजोबा हात जोडून पुटपुटले. “माते, माझ्या गुडघ्याचं काही होईल का?”

आणि वहिनीने तर थेट पायच धरले. “मी काय करू, सांगा. तुम्ही सांगाल ते करीन.”

बाईंना इतके दिवस घसा कोरडा करून जे जमलं नव्हतं, ते आता एका शब्दात होणार होतं. डोळे फिरवून “सुई टोच” म्हटलं की वहिनीने तिथल्या तिथे टोचून घेतली असती. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण उद्या दुसरा कुणी डोळे फिरवून “सोड” म्हणाला, तर ती तेही सोडणार होती.

त्यांनी वहिनीला खांद्याला धरून उठवलं. “माझ्या अंगात कुणी आलेलं नाही. मी एम.एस्सी. झालेय, त्याचा हा परिणाम. वहिनी, हे झाडच नाही.”

“झाड नाही तर काय दगड आहे?” बाबा हसले.

“प्राणी आहे. खरं म्हणजे पुष्कळ प्राण्यांचं रिकामं घर आहे. वहिनी, तुझी फांदी काढ आणि या भिंगातून बघ. पानं दिसतात?”

वहिनीने भीतभीत डबी उघडली. “नाही हो... इवल्या इवल्या वाट्या आहेत. दांड्याच्या दोन्ही बाजूंना, ओळीने.”

“वाट्यांना देठ आहे?”

“नाही. थेट दांड्यालाच चिकटल्यात. एकीवर झाकण पण आहे. दोन झडपांचं!”

“वहिनी, माझ्या वर्गात एवढं बघायला परीक्षा यावी लागते!” बाई खूश झाल्या. “यांचे काही भाऊबंद वाटीशिवाय, उघडेच राहतात. काहींची वाटी देठावर असते. बिनदेठाच्या, झाकणाच्या वाट्या अशा दोन रांगांत बसल्या, की ते हे घराणं. प्रत्येक वाटीत एक जीव राहायचा. मध्ये तोंड आणि भोवती डंख मारणाऱ्या बोटांचं कडं. दांडा आतून पोकळ, सगळ्यांची पोटं त्यातून जोडलेली. एकाने खाल्लं की सगळ्यांना पोचतं. आणि मधूनमधून हे मोठे रांजण दिसतात ना, त्यातले सभासद स्वतः खात नाहीत. ते फक्त पुढची पिढी तयार करतात.”

“एकत्र कुटुंबच की!” दादा म्हणाला. धाकटीचा विषय त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळला होता.

“असत्य!” बाबा गरजले. “प्राणी कधी असा हिरवा असतो?”

“हा तरी नसतो. वाळला की हा फिकट तपकिरी दिसतो. हिरवा तुम्ही केलात. पाण्यात घालून बघू या का?”

“खबरदार! तप मोडेल! रोग उलटेल!”

आता सगळे वहिनीकडे बघायला लागले. बाईंनी हात पुढे केला नाही. फांदी वहिनीची होती आणि जीवही तिचाच. वहिनीने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा भिंगाकडे. मग तहानेपायी सतत जवळ बाळगलेली पाण्याची बाटली तिने उघडली आणि फांदी आत सोडली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग दांड्यापासून एक हिरवी रेघ सुटली, तिच्या मागून दुसरी, आणि बघता बघता सगळी बाटली हिरवी झाली.

“कच्चा रंग!” दादाने बाटली हिसकावली. “अरे, असा सदरा आला तर मी गिऱ्हाइकाला दारातच सांगतो, बाकीच्या कपड्यांत टाकणार नाही म्हणून! आणि हे मी उशाशी ठेवून झोपत होतो!”

“पाप!” बाबांनी छाती बडवली. “पाण्याने मारलंत तिला!”

“समुद्रात जन्मलेला प्राणी पाण्याने मरेल का हो?” बाई शांतपणे म्हणाल्या. “तो पाण्याबाहेर काढला तेव्हाच मेला. मग वाळवला आणि रंगवला. मेलेल्याला ना माती लागते, ना पाणी. तो हवेवर जगत नाहीये, बाबा. तो जगतच नाहीये.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू आवरेचना. आजोबांनी तेवढं गुडघ्याचं पुन्हा विचारून घेतलं. “हाडांच्या डॉक्टरांना दाखवा,” बाई म्हणाल्या.

वहिनी मात्र हसत नव्हती. “माझी प्लॅस्टिकची बादली लग्नापासून हिरवी आहे,” ती हळूच म्हणाली. “तिच्या भरवशावर मी इंजेक्शन सोडलं असतं का?” एवढं बोलली आणि तिला भोवळच आली. दादाने तिला वरच्या वर धरलं.

दवाखान्यात साखरेचा आकडा बघून डॉक्टरांनी आधी सलाईन लावलं, मग इन्सुलीन दिलं आणि मग दादाला खोलीबाहेर नेऊन असं झापलं की ते आत ऐकू आलं. “आणखी उशीर केला असता, तर शुद्धीवर आणणं कठीण होतं.” दादा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. तोवर तिकडे बाबा आणि चेला हॉलच्या मागच्या जिन्याने बरणीसकट पसार झाले होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी उशीला टेकून बसली. डॉक्टर फेरीवर आले, तसं तिने विचारलं, “डॉक्टर, हे इन्सुलीन शरीरात जाऊन नेमकं करतं काय?”

“ते तुम्हाला काय करायचंय? वेळेवर घ्या म्हणजे झालं.”

“असंच ते बाबाही म्हणायचे.”

निघालेले डॉक्टर दारातच थबकले. बाईंनी हसू लपवायला खिडकीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी स्टूल ओढलं, खाली बसले आणि रक्तातली साखर, पेशी, सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला लागले. वहिनी मध्ये मध्ये अडवत होती, आणि ते पुन्हा सांगत होते.

वाचकहो, वहिनीची शाळा लवकर सुटली होती, पण तिचं काही अडलं नाही. प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, तोंड पुरतं. डॉक्टरांना विचारा, बाईंना विचारा, ही गोष्ट सांगणाऱ्यालाही विचारा. जो प्रश्न ऐकून चिडतो, त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि जो समजावून सांगतो, त्याचंही एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहा.