दीड इंचाची चूक

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी नकाशे तपासायचो. कुणीही ड्रॉइंग काढलं की ते माझ्या टेबलावर यायचं, आणि खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत माझी सही झाल्याशिवाय लोखंडाला कुणी हात लावायचा नाही. एकतीस वर्षांत माझी एकही सही चुकली नाही, हे मी कुणी न विचारताही सांगत असे. हल्ली सांगत नाही.

विद्याधरराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, अनुसूयेचे यजमान. तेही त्याच वर्कशॉपात फिटर होते. हात असे की आमच्या लक्ष्मी गेट भागातली निम्मी घरं आपली शिलाई मशीनं आणि मिक्सर त्यांच्याकडेच टाकून जायची. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात, यांनी उडायचं यंत्र बांधायला घेतलं. ऑटोजायरो. एका माणसापुरतं, उघडंवाघडं, तीन चाकांचं. डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी लांब पाती, पण त्यांना इंजिन जोडलेलंच नाही. इंजिन पाठीमागे, ते पंख्याने यंत्र पुढे ढकलतं, आणि समोरच्या वाऱ्यावर वरची पाती आपली आपण फिरून यंत्र उचलून धरतात. इंजिन बंद पडलं तरी हे दगडासारखं खाली येत नाही, असं ते भाजीवाल्यालासुद्धा समजावून सांगत.

शिवपुरी रोडवरच्या एका मित्राच्या गोदामात दोन वर्षं काम चाललं. अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, भंगारातून आणून नवं केलेलं इंजिन, लाकूड आणि फायबरची स्वतः घासलेली पाती. मागच्या पडीक शेतावरून, दहा-पंधरा फुटांवरून एकदा उडायचं, एवढीच त्यांची हौस होती. एकदा त्यांनी ते त्या शेतात जमिनीवरच पळवलं तेव्हा मी टोपी धरून बाजूला उभा होतो. पाती आधी आळसावल्यासारखी हलली, मग वाऱ्याने पकडली, आणि पुढचं चाक वीतभर उचललं गेलं. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मलाही टाळी वाजवावीशी वाटली, पण मी म्हणालो की डावं चाक जरा ओढतंय.

त्या यंत्राचं ड्रॉइंग त्यांनी वर्कशॉपच्या रीतीने काढलं होतं, आणि कोपऱ्यात तपासणाऱ्याची चौकट आखून तिच्यात माझं नाव लिहिलं होतं. कुणी मागितली नव्हती ती सही. पण तपासलं नाही ते चालवायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. दादांची सही झाली की उडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या वर्षी भाऊबीजेला अनुसूयेने मला ओवाळलं. मी साडीचं पाकीट पुढे केलं, तर तिने ते हळूच बाजूला सारलं.

"दादा, या वर्षी साडी नको मला. त्या नकाशावर तू सही करू नकोस, बस. हीच ओवाळणी दे."

ताट खाली ठेवून तिने डोळे पुसले आणि हात जोडले. विद्याधररावांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, मुलीचं, मुग्धाचं, लग्न व्हायचं होतं, आणि नवरा आकाशात जाणार म्हणून या बाईची झोप उडाली होती. भाऊबीजेला बहिणीने मागितलेलं कोण नाकारतो? मी हो म्हटलं.

इथवर मी कुणालाही तोंड दाखवू शकतो. विद्याधररावांना मी सरळ सांगायला हवं होतं की तुमच्या बायकोने हात जोडलेत, म्हणून मी सही करत नाही. ते चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग त्यांचं त्यांनी ठरवलं असतं. पण चूक न दाखवता सही नाकारायची, तीही बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी बघून, हे माझ्यातल्या तपासनिसाला कमीपणाचं वाटलं. मला चूक हवी होती. मी ती शोधली.

गोदामात चेन-पुलीला ते यंत्र टांगलं, विद्याधररावांना त्यात बसवलं, आणि दोन वेगवेगळ्या जागी टांगून ओळंबा सोडला. खडूच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे सगळ्या वजनाचा मध्य. पंख्याची रेषा त्याच्यावरून दीड इंच उंच जात होती. वाऱ्याच्या एखाद्या वाईट झोतात वरची पाती क्षणभर हलकी पडली, तर मागचा पंखा यंत्राला नाकावर पालथं घालणार. चूक खरी होती, आणि जीव घेणारी होती.

तिचा उपाय मला तिथल्या तिथे दिसला. बसायची जागा चार इंच वर घ्यायची. माणूस वर गेला की वजनाचा मध्य वर जातो आणि पंख्याच्या रेषेत येतो. दोन ब्रॅकेट, आठ बोल्ट, एका दुपारचं काम.

ते वरून, टांगलेल्या सीटवरून, माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "काही इलाज असेल ना, दादा?"

मी म्हणालो, "नाही. मूळ आखणीतच चूक आहे. याला इलाज नाही."

त्यांनी वाद घातला नाही. महिन्याभरात सांगाडा सोडवला, इंजिन कुणा शेतकऱ्याने पाणी उपसायला नेलं, पाती कुठे गेली ते मी विचारलं नाही. अनुसूयेने देवापुढे साखर ठेवली. मुग्धाचं लग्न झालं. सगळं ठीक झालं असंच मी धरून चाललो होतो.

ठीक काहीच नव्हतं. त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला होता. आधी शेजाऱ्यांची मशीनं परत जाऊ लागली, अब हमसे नहीं होगा भैया, असं सांगून. मग घरातली कामंही सुटली. गेल्या महिन्यात नळाचा वायसर बदलायला त्यांनी माणूस बोलावला, आणि तो गेल्यावर मला फोन केला की दादा, जरा येऊन बघता का, बरोबर बसवलाय का. अकरा वर्षं मी हे बघत होतो आणि वयावर ढकलत होतो.

त्या दिवशी अनुसूयेने मला स्वयंपाकघरात गाठलं. मी तुला नुसती सही नको म्हटलं होतं, तू त्यांना नेमकं काय सांगितलंस, असं तिने विचारलं. मी सांगितलं.

"मला ते जिवंत हवे होते, दादा. असे नको होते," ती म्हणाली. "आता जा आणि सांग त्यांना."

ते बाहेरच्या खोलीत बसले होते. डोळ्यांची दोन ऑपरेशनं होऊनही नीट दिसत नाही, हात कापतो. मी समोर बसलो आणि भाऊबीजेपासून सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी करूनच बसलो होतो. खरं तर त्या मला हव्याच होत्या.

"मतलब सीट वर घेतली असती तर बनलं असतं?"

"हो."

"किती वर?"

"चार इंच."

ते मान खाली घालून बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

"माझं साडेचार आलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात त्याच आठवड्यात मी हिशेब करून पाहिला होता. मग वाटलं, इतकं आसान असतं तर दादांनीच सांगितलं नसतं का. आपलंच गणित गलत असेल. कागद फाडून टाकला."

मी त्यांचा हात धरला, तर तो त्यांनी सोडवून घेतला, पण रागाने नाही. त्यांना उठायचं होतं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी त्या शेतानंतर पाहिला नव्हता, आणि तो मला बघवेना. भिंत चाचपत ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

"अगं, ऐकलंस का," ते अनुसूयेला म्हणाले, "माझं बरोबर होतं."