‘नवं दुकान’ नावाचं फोल्डर

धाकट्याने पितळी पाट्यांच्या डिझाइनचं फोल्डर माऊसने पकडलं, स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं आणि ‘नवं दुकान’ नावाच्या फोल्डरवर सोडलं. एक चौकट उघडली आणि तिच्यातली हिरवी पट्टी गोगलगायीच्या चालीने पुढे सरकू लागली. तो खुर्चीतून उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत येऊन बसला. पट्टी नखभर हलली होती.

तो घरी होता, निजायच्या खोलीतल्या टेबलाशी. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, साप्ताहिक सुट्टीमुळे बंद. दुकानातल्या कॉम्प्युटरची स्क्रीन मात्र त्याच्या लॅपटॉपवर जशीच्या तशी उघडलेली होती. तिथे जे ‘नवं दुकान’मध्ये टाकावं ते इथे घरी उतरत होतं. ही सोय त्यानेच करून घेतली होती, एखाद्या पाटीवरची वेलांटी चुकली म्हणून जेवणावरून उठून दुकानात धावायला नको, एवढ्यासाठी. पहिल्यांदा स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरताना पाहून ताईने दुकानातून त्याला फोन केला होता. “तुझं भूत आलंय बघ दुकानात,” असं म्हणून ती पोट धरून हसली होती.

आज ते भूत चोरी करत होतं. हा शब्द त्याच्याच मनात आला आणि त्याचाच त्याला राग आला. चोरी कसली? दुकान दोघा भावंडांचं, अर्धा वाटा त्याचा. डिझाइन सगळी त्याने डोळे फोडून केलेली. मग तळहाताला घाम का सुटावा, हे काही त्याला कळेना.

“अहो, किती उठता-बसता? खुर्चीला काटे फुटलेत का?” दोरीवरचे कपडे काढून आणलेली बायको म्हणाली.

“नेट हळू आहे.”

“मग सरळ जाऊन घेऊन या की. किल्ली आहे ना तुमच्याकडे?”

किल्ली होती. पण आत गेलं की डाव्या हाताला ताईचं टेबल होतं आणि त्यावर ओळीने लावलेल्या तिच्या कोरण्या. त्यांच्यासमोर बसून हे काम झालं नसतं. लांबून सगळं सोपं असतं.

भांडण झालं ते एका पाटीवरून. वडिलांच्या वेळेपासूनचे एक वकील आले होते. सूनही वकील झाली म्हणून तिच्या नावाची पितळी पाटी हवी होती, ताईच्याच हातची. ताईने मानसुद्धा वर केली नाही, उजवा हातही टेबलाखालून काढला नाही. “हाताचं काम बंद केलंय. मशीनवर करून घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा,” एवढंच म्हणाली. वकील दुसरीकडे गेले. मशीनच्या अक्षरांना आयुष्यभर ‘मुडदे’ म्हणणारी ही बाई! धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो नको तेवढं बोलला. तिला माज आलाय असंही बोलला. ताई शांतपणे म्हणाली, “एवढं कळतंय तर वेगळं दुकान घाल.”

ती बोलून गेली, पण याने ते वाक्य मनात धरून ठेवलं. एका ओळखीच्याकडून लेझर मशीन ठरवलं, बाजाराच्या मागच्या गल्लीत गाळा पाहिला. ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. फोल्डरला नाव देताना त्याने फार विचार केला नव्हता. बंद दुकानात वाचणार कोण?

आता एवढंच उरलं होतं. ट्रॉफींची डिझाइन घेतली, पाट्यांची उतरत होती. एक फोल्डर त्याने बाजूला ठेवलं होतं, ‘ताईची अक्षरं’. तिने कागदावर काढलेली अक्षरं, कितीतरी कागद, त्यानेच एकेक करून स्कॅन केलेले. त्याला त्याने हात लावला नाही. न्यायचं तरी किती, यालाही काही लाज असते.

पट्टी अर्ध्यावर आली आणि बाण हलला.

त्याचा हात माऊसवर नव्हता. तो पाण्याच्या तांब्यावर होता.

बाण हलला, थांबला, पुन्हा हलला. दुकानात कोणीतरी होतं. किल्ल्या दोनच, त्यातली एक इथे खुंटीला लटकत होती. म्हणजे ताई. सुट्टीच्या दिवशी, कॉम्प्युटरसमोर. आणि तिच्या डोळ्यांपुढे त्याचं सगळं बिंग उघडं पडलेलं, नावासकट.

त्याने लॅपटॉपचं झाकण अर्धवट खाली ओढलं, जणू काही ते मिटलं की तिथलंही मिटणार होतं. मग परत उघडलं. बाण चौकटीच्या दिशेने निघाला होता. आता ती कॅन्सल दाबणार. दाबू दे, त्याला वाटलं, एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. पण बाण चौकटीजवळ घुटमळला, तिला वळसा घालून खाली उतरला आणि ‘ताईची अक्षरं’वर जाऊन थांबला.

थांबला म्हणजे काय, थरथरत राहिला.

नेट खराब असेल. त्याने तारा तपासल्या. खोलीतून बाहेर जाऊन आला. बाण तसाच, जागच्या जागी बारीक थरथरत होता. मध्येच अगदी स्थिर झाला, ताईने माऊस सोडला असावा, आणि पुन्हा थरथरू लागला. मग ते फोल्डर उचललं गेलं आणि वर सरकू लागलं.

आपली अक्षरं तेवढी लपवतेय, तो मनात म्हणाला. लपव म्हणावं. कोणाला हवीत!

फोल्डर अर्ध्या वाटेत निसटलं आणि मूळ जागी परत गेलं. ताईने पुन्हा उचललं. पुन्हा निसटलं. तिसऱ्या खेपेला ते वाकडंतिकडं जात, दोनदा भलतीकडेच भरकटत, ‘नवं दुकान’च्या अगदी दाराशी पोचलं आणि तिथे सुटलं.

ती लपवत नव्हती. देत होती.

वकिलांची पाटी, ती वर न झालेली मान, टेबलाखाली मांडीवर दाबून धरलेला तिचा उजवा हात, सगळं त्याला एकदम उमगलं. माज, म्हणाला होता तो. त्याने नकळत माऊस धरला. तिकडे बाण एकदम उसळला.

फोन वाजला.

“सोड रे माऊस,” ताई म्हणाली. “दोघांनी धरला की पळतोय तो.”

त्याने हात उचलला. “तू... आज दुकानात कशी?”

“सुट्टीच्याच दिवशी येते हल्ली. हे शिकायला. तुझ्यासमोर शिकले असते तर हसून हसून मेला असतास. मशीनचं काही येत नसेल तर पुढे इथे बसून काय माशा मारू?”

“ताई, हात कधीपासून असा?”



“तिथून दिसतं?”

“दिसतं.”

“बघ. आणि मला वाटत होतं, तिथे नुसता बाण दिसतो.”

त्याला काहीतरी बोलायचं होतं. माफ कर, असं काहीतरी. पण एवढ्या वर्षांत ते दोघं एकमेकांना असलं काही कधी बोललेच नव्हते.

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगणार? कोरणारीचा हात कापतो म्हणून गावभर पाटी लावू?” ती हसली, पण हसू पुरतं आलं नाही. “नाव काय ठेवणार आहेस?”

“कशाचं?”

“दुकानाचं. ‘नवं दुकान’ थोडंच ठेवशील? काहीही ठेव, पण त्याची पाटी या अक्षरांत कर. मशीनवर केलीस तरी चालेल. इथे राहून त्यांना आता कोण कोरणार आहे? थांब, बोलू नकोस, परत निसटेल.”

फोल्डर पुन्हा उचललं गेलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, कारण एका बोटाने ते जागेवर नेऊन ठेवणं त्याला सहज जमलं असतं. फोल्डर डगमगत वर गेलं, कडेला टेकलं आणि आत पडलं. नवी हिरवी पट्टी उघडली.

“जमलं,” ताई म्हणाली. तिला धाप लागली होती.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“गोळ्या दिल्यात. बुधवारी सकाळी परत बोलावलंय, काही तपासण्या आहेत. येताना घरच्या कोणाला तरी घेऊन या म्हणाले. शेजारणीला विचारीन म्हणते, ती येईल.”

“तिला कशाला? मी येतो.”

“तुझं काही काम असेल.”

बायको कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात थबकली होती. बुधवारी सकाळी गाळ्याचा मालक किल्ली घेऊन थांबणार होता. मागायला अजून दोघं होते, उशीर चालणार नाही, असं त्याने बजावून सांगितलं होतं आणि ते तिच्यासमोरच सांगितलं होतं. तिने भुवया उंचावून नवऱ्याकडे पाहिलं.

“नाही गं,” तिच्याकडे बघतच तो फोनमध्ये म्हणाला. “बुधवारी मी मोकळाच आहे.”

बायकोने कपडे पलंगावर ठेवले आणि एकेक घडी घालायला घेतली.