साहेबांच्या कोटाची काजं

शिंपी मास्तरांच्या दुकानापासून त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर बरोबर बेचाळीस पावलांवर. मधे फक्त रस्ता. कोट मास्तर शिवायचे आणि काजं ताई करायची. तिच्या हातचं काज आजवर कुणाचं उसवलं नव्हतं. रोज चारला तयार कपडे हातावर टाकून ती रस्ता ओलांडून यायची, अर्धा कप चहा प्यायची, भावाच्या कटिंगला नावं ठेवायची आणि समाधानानं परत जायची.

मग रस्त्याचा विकास झाला. गाड्यांना फार घाई होती, म्हणून झाडं आणि फूटपाथ गिळून दोन लेनच्या सहा झाल्या आणि मधोमध छातीएवढा डिव्हायडर आला. बेचाळीस पावलांना आता दीड किलोमीटरचा वळसा. ताईचे गुडघे अर्ध्या किलोमीटरनंतर बोलायला लागत, तेही वाईटसाईट. तीन महिने भावंडं दोन काठांवर उभी राहून ट्रकच्या फटीतून एकमेकांना हात करत होती.

डिव्हायडरला माणूस जाईल एवढी वाट ठेवा, असा अर्ज मास्तरांनी केला. रस्ते खात्यानं लगेच मोजणीवाला पाठवला. तो तीन दिवस दुकानासमोर स्टुलावर बसला आणि उत्तर आलं : ‘रस्ता ओलांडणारे पादचारी – शून्य. सबब, गरज नाही.’

मास्तर कागद घेऊन तडक खात्याच्या साहेबांपुढे उभे राहिले. साहेब दुकानाचं जुनं गिऱ्हाईक.

“आधी भिंत घालायची आणि मग मोजायचं होय?”

“मास्तर, भावनेला आमच्याकडे रकाना नाही. आकडा बोलतो.”

“माणसाला बोलू दिलं नाही की आकडाच बोलणार!”

“ते राहू द्या. शनिवारी अकराला उड्डाणपुलाचं उद्घाटन. मंत्री येताहेत. माझा कोट?”

“शनिवारी दहाला तयार,” मास्तर म्हणाले. आवाज इतका मऊ होता की साहेबांनी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी दहाला साहेबांनी कोट चढवला. खांदे फक्कड, कंबर झकास, तीन बटणं चमकदार. बटण लावायला गेले तर बोट कापडावरून घसरलं.

“अहो, काजं कुठायत?”

“पाहणी केली ना साहेब. कोट टांगून तीन दिवस समोर बसलो. एकानंही बटण लावलं नाही. शून्य. सबब, गरज नाही.”

साहेब कानापर्यंत लाल झाले. “चेष्टा पुरे! काजं करा!”

“काजं ताई करते. ती काय, समोर खिडकीत. बेचाळीस पावलं.”

साहेब गाडीत बसले. ड्रायव्हर म्हणाला, मंत्र्यांच्या बंदोबस्तासाठी यू-टर्न बंद केलाय, साहेब, तुमच्याच सहीनं. साहेब उतरले. ट्रकची रांग तुंबली तशी कोट खांद्यावर टाकून त्यांनी डिव्हायडरवर टांग टाकली. पँट टर्रकन उसवली. ती रेडिमेड होती. मास्तरांना बरं वाटलं.

मोजणीवाला आता गाड्या मोजायला बसला होता. त्यानं उभं राहून सलाम ठोकला आणि लिहिलं : ‘पादचारी – एक.’

ताईनं चष्मा चढवला, पहिलं काज केलं, दोरा दातानं तोडला आणि कोट परत दिला.

“अहो बाई, अजून दोन राहिली!”

“ती भावाच्या दुकानात बसून करते. चारला. चालत येईन, तेवढी वाट करून ठेवा.”

साहेब एका बटणावर उद्घाटनाला गेले. फोटोत ते पोटावर हात धरून उभे आहेत. मंत्र्यांना ती नम्रता वाटली.

चारला ताई सुईदोरा घेऊन खाली आली आणि डिव्हायडरपाशी उभी राहिली. वाट नव्हतीच. पण ती हलेना. साडेचार झाले.

“मास्तर,” मोजणीवाला कळवळून म्हणाला, “त्या ओलांडत नाहीयेत, नुसत्या उभ्या आहेत. उभ्या माणसाला रकाना नाही हो.”

मास्तरांनी खडू आणि पट्टी त्याच्यापुढे धरली.

“मग आख.”