वाटेवरचा पेंढा

आजीने दाराची कडी काढली, काठी टेकत पायरी उतरली आणि तिथेच थांबली. घरापासून फाटकापर्यंत वाटेच्या दोन्ही कडांना पेंढा अंथरलेला होता. हातभर रुंद, जाड, नीट दाबून बसवलेला. काल संध्याकाळी तो तिथे नव्हता.

ती आज लवकर उठली होती ती या कडांसाठीच. पाहणीची माणसं यायच्या आत पिवळं पडलेलं गवत उपटायचं आणि कंपोस्टच्या खड्ड्यात लोटून द्यायचं, गुडघे कितीही बोंबलले तरी. आता उपटायला काही दिसतच नव्हतं. तिने काठीच्या टोकाने पेंढा जरासा उचलून पाहिला. खाली गवत तसंच होतं, करपलेलं. तिने पेंढा पुन्हा खाली सोडला.

पेंढा ओढायचं दाताळं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. घरात मोठी माणसं दोनच.

स्वयंपाकघरात सून पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती. तिच्या अंबाड्यात पेंढ्याची एक काडी अडकली होती. आजीचा हात काडीकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

"झोप झाली का?" आजीने विचारलं.

"झाली," सून म्हणाली. "ढब्बूला आज मोजे घाला, आई. गार आहे बाहेर."

तसंही त्या दोघींचं बोलणं नातवाच्या मोज्याटोप्यांच्या फारसं पुढे जात नसे. आजीचा मुलगा बोटीवर नोकरीला. त्याचा फोन आला की त्याच्या आवाजापेक्षा वाराच जास्त ऐकू येई. सून पहाटे निघे ती दिवसभर आसपासची गावं पालथी घाली. विषाशिवाय भाजी कशी पिकते, ती सगळ्यांनी मिळून विकली तर मधल्यामध्ये गडप होणारा पैसा बायांच्या हातात कसा राहतो, हे ती दारोदार पटवत असे. आणि लोकांना पटतही होतं. तिने जमवलेल्या गटाची भाजी आता शहरातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली होती. मात्र जगाशी बोलून घरी येईपर्यंत तिचा आवाज बसलेला असे. मग मीठ हवं असलं तरी ती खुणेने मागे.

तिचं सगळं भाषण आजीला पाठ होतं. गटाच्या बैठका मागच्या शेडमध्ये होत, आणि शेडची भिंत स्वयंपाकघराला लागून होती. चहा उकळता उकळता आजी ऐके. सून एखादा मुद्दा विसरली तर आजीला इकडे चुटपुट लागे. पण किटली न्यायला कोणीतरी बाई येई, काकू, साखर बेताची घातलीत ना, म्हणून विचारी आणि जाताना दार ओढून घेई.

गवताचं झालं ते असं. ढब्बू नुकता चालायला लागला होता, आणि आजीच्या गुडघ्यांना त्याचा वेग झेपत नव्हता. एका दुपारी तो वाटेवर बसकण मारून कडेच्या गवतात हात घालत होता, आणि त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून साप निघून गेला, काही घाई नसल्यासारखा. आजीने सुनेला सांगितलं. सून फोनवर होती. तिने मान हलवली आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, रविवारी विळा घेऊन बसते. तो रविवार बैठकीत गेला. पुढचाही गेला. आजीला खाली बसता येत नव्हतं. बसलीच असती तर उठवायला कोणी नव्हतं. मग शेडच्या कोपऱ्यात, नवऱ्याच्या जुन्या गमबुटांमागे, त्याच्या वेळचा तणनाशकाचा डबा तिला सापडला. गमबूट टाकवत नव्हते म्हणून डबाही राहिला होता. तळाशी थोडं औषध होतं. वाट म्हणजे काही शेत नव्हे, असं मनाशी घोकत तिने ते झारीत ओतलं, वर पाणी घातलं आणि उभ्या उभ्या शिंपडलं.

वाटेला लागून घेवड्याचे वाफे होते, आणि उतार तिकडेच होता. पाण्याला बांध कळत नाही, हे सुनेच्या भाषणातलंच वाक्य. ते तिला झारी रिकामी झाल्यावर आठवलं. सून अंधारात जाई, अंधारात येई. तिला काही दिसलं नसेल, असं आजी इतके दिवस धरून चालली होती.

गटाची रीत अशी, की गटातल्याच माणसांनी एकमेकांची शेतं पाहायची. घरच्यांनी मागून चालायचं, आणि ज्याला जे दिसेल ते त्याने तिथेच, सगळ्यांसमोर बोलायचं. औषध मारलेलं किंवा रासायनिक खत टाकलेलं सापडलं तर त्या घराचा विषमुक्तीचा शिक्का जाई आणि पुन्हा तीन वर्षं नव्याने मोजावी लागत. तोवर भाजी बाजारात, मिळेल त्या भावाला. मागच्या पाहणीत गटातल्या शिंपिणीच्या वांग्यांखाली खताचे निळे दाणे सुनेलाच दिसले होते. शिंपीण खूप रडली. सून म्हणाली होती, नियम सगळ्यांना सारखा. तेव्हापासून शिंपीण तिला ताईसाहेब म्हणत असे.

आज शिंपीण सगळ्यांच्या आधी आली. शिक्का नसला तरी पाहणीला येता येत असे. तिच्यामागून निवृत्त मास्तर आले, आणखी दोघी-तिघी आल्या. फाटकातून आत शिरताच मास्तर थबकले.

"वा. आच्छादन बघा. वाटेच्या कडेलासुद्धा. ओल कशी धरून राहते, याला म्हणतात काम." मग आजीकडे वळून म्हणाले, "काकू, हे तुमचंच असणार. ताई तर घरी कोणाला सापडत नाही."

सगळे हसले. एका बाईने आजीच्या दंडाला हात लावून कसं केलंत म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, पुढच्या बैठकीत काकूंनीच दाखवायचं. चहा दुसरं कोणीतरी करेल, काकूंना खुर्ची द्या. शेडमधली ती खुर्ची तिला ठाऊक होती. एका पायाखाली लाकडाची चकती घातलेली. तिथे बसलं तर सगळ्यांची तोंडं समोर दिसत असतील.

तिने मागे पाहिलं. सून ढब्बूला कडेवर घेऊन उभी होती. चार गावांत खणखणणारा तिचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. ती ढब्बूचा मोजा वर ओढत होती. वर ओढलेला मोजा पुन्हा वर ओढत होती.

"ताईसाहेब आज गप्प गप्प," शिंपीण म्हणाली. ती पेंढ्याकडे नाही, सुनेच्या तोंडाकडे पाहत होती.

आजीने काठी पेंढ्यात खुपसली आणि उलटवली. मग दोन पावलं पुढे जाऊन तिथलाही उलटवला.

"हे मेलंय," ती म्हणाली. "औषधाने."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. गवत पिवळंच होतं.

"कोणी मारलं?" त्यांनी विचारलं.

आजीने तोंड उघडलं.

"आम्ही," सून म्हणाली.

मास्तरांनी एवढंच विचारलं, की ताई, याचा अर्थ ठाऊक आहे ना. सुनेने मान हलवली. शिंपीण खाली बसली होती. तिने चिमूटभर माती उचलली, हुंगली, हात झटकले.

"चला ताई," ती उठत म्हणाली, "मागच्या बाकावर मला सोबत झाली."

हसावं की नाही ते कोणाला कळेना. सूनच आधी हसली, आणि मग तिने ढब्बूच्या डोक्याआड तोंड केलं.

दुपार कलल्यावर सून विळा घेऊन वाटेवर बसली. आजीने दारातलं स्टूल ओढत आणलं आणि तिच्याजवळ मांडलं. ढब्बू आजीच्या मांडीवर काठीची मूठ चघळत होता. इस्पितळाची गाडी आली, फाटकाशी जराशी हळू झाली आणि पुढे निघून गेली. घेवड्याचे भरलेले क्रेट शेडच्या दाराशी तसेच होते. सुनेने मान वर केली नाही.

"पेंढा घालायला नको होता मी," ती म्हणाली.

"मी डबा उघडायला नको होता."

विळा चालत राहिला.

"केवढा होता साप?"

आजीने काठीवर हात धरून लांबी दाखवली. मग विचार करून हात जरा खाली घेतला.

"तुम्ही मला सांगितलं होतंत," सून म्हणाली. "त्याच दिवशी."

"सांगितलं होतं."

विळा थांबला. गवताची मूठ सुनेच्या हातात तशीच राहिली.

"मान खाली कर," आजी म्हणाली.

सुनेने मुकाट्याने मान खाली केली. आजी स्टुलावरून पुढे झुकली, तिने अंबाड्यातली सकाळची काडी हलकेच ओढून काढली, आणि हात होता तिथेच राहू दिला.