‘पाहू नये’ नावाची फाईल

सुज्ञ वाचकहो, एका वयोवृद्ध नक्षीकाराने संगणकाच्या पडद्याचे चित्रण करताना कोणते कष्ट सोसले, कोणती गोष्ट लाजेपोटी लपवली, आणि ती लपवलेली गोष्टच अखेरीस कशी कामास आली, याचे निवेदन आता यथाशक्ती केले जाईल. चित्त स्थिर ठेवून वाचावे, ही नम्र विनंती.

भरतकामाच्या एका कारखान्यात बारा सुयांचे यंत्र होते. यंत्राने जी नक्षी शिवायची ती प्रथम शेजारच्या काचेच्या खोलीत, एका जुनाट संगणकावर आखावी लागे. टाका कोठून निघावा, कोठे वळावा, किती दाट पडावा, हे सर्व तेथेच ठरे. त्या खुर्चीवर बावीस वर्षे एकच मनुष्य बसत आला होता. त्यांस सर्वजण मास्तर म्हणत.

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू पिकले. सोमवारी पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली, आणि डॉक्टरांनी पुढे महिनाभर संगणकाची सक्त मनाई केली. त्यांच्या जागी बसणार होती ती त्यांची सूनबाई; ती नक्षी आखण्याचे शिक्षण घेतलेली होती, परंतु परगावी. बिऱ्हाड आवरून ती सोमवारी रात्रीच येणार होती. म्हणजे गुरू इस्पितळात आणि शिष्या कारखान्यात.

कारखान्याच्या मालकीणबाई स्पष्टवक्त्या होत्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, पानांच्या किनारीचा नमुना बुधवारी संध्याकाळी माझ्या हातात हवा. सूनबाईंना जमलं तर खुर्ची त्यांची. नाही जमलं तर नक्षी बाहेरून आखून घेईन. मग ही खोली तरी कशाला ठेवू?”

तेव्हा मास्तरांनी ठरवले की आपण काम करतानाचा पडदाच चित्रित करून ठेवावा. त्यांनी किनार आखली, बोलून समजावली, आणि चित्रफीत सिद्ध झाली. मग काटछाट आरंभली. मध्ये खोकला आला होता, तो कापला आणि सेव्ह केले. मालकीणबाईंची हाक कापली आणि सेव्ह केले. अशी सात वेळा कात्री, सात वेळा सेव्ह, आणि तेही मूळ फाईलवरच! शेवटी ती त्यांनी फोनवरून सुनेला धाडून दिली.

अर्ध्या तासात तिचा फोन आला.

“मामंजी, इथे तीन आहे की आठ?”

“सरळ दिसतंय की!”

“तुम्हाला मोतीबिंदू आहे, मला नाही. तरी मला दिसत नाहीये.”

मास्तरांनी पडद्याला नाक लावले. केसासारख्या रेषांचा लगदा झाला होता आणि इंग्रजी तीन-आठ जुळ्या भावांसारखे दिसत होते.

“तुम्ही झेरॉक्सची झेरॉक्स काढलीत,” सूनबाई म्हणाली. “प्रत्येक सेव्हला चित्र पुन्हा दाबलं जातं, प्रत्येक वेळी थोडं मरतं. वर फोनने आणखी पिळलं. आता असं करा. पडदा जेवढा आहे तेवढ्याच मापात रेकॉर्ड करा, लहान नको. मूळ फाईलला हात लावू नका, कापाकापी प्रतीवर. सगळं कापून झालं की शेवटी एकदाच फाईल काढायची, त्याच मापाची. आणि पेन ड्राइव्हवर ठेवा, फोनवर नको. मूळही ठेवा हं!”

“मूळ कशाला?”

“तुम्ही कापडावर नक्षी उतरली की खाक्याचा कागद फाडता का?”

खाका फाडणारा नक्षीकार मास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता.

रविवारी त्यांनी सर्व काही आज्ञेबरहुकूम केले. चित्र असे स्वच्छ आले की टाका न् टाका मोजून घ्यावा. मात्र एक कलंक राहिला. किनारीच्या प्रत्येक कोपऱ्यावर वळणाच्या चौकटीत तीन हा आकडा द्यायचा असे, आणि मास्तरांचा हात दर वेळी आधी आठ टंकून मग तीन करी. ही त्यांची जुनी खोड होती. डबा घेऊन आलेली पत्नी मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “अगंबाई! चारही कोपऱ्यांवर चुकलात की हो. नेम धरून चुकता!”

मास्तरांचे कान तापले. सुनेपुढे शोभा नको म्हणून त्यांनी चारही आठ मोठ्या सफाईने कापले आणि फाईल एकदाच काढली. मूळ फाईल पुसण्यासाठी बोट कळीपर्यंत गेले होते, परंतु खाक्याचा कागद आठवला. त्यांनी तिला ‘पाहू नये’ असे नाव दिले आणि पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात दडवली.

बुधवारी दुपारी मास्तर डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर पडले असता पत्नीने फोन त्यांच्या कानाला लावला. सूनबाईचा आवाज रडवेला होता.

“मामंजी, आकडे आरशासारखे दिसतात. पण कोपऱ्यावर दोरा गोळा होतो, कापड आवळतं. चार तुकडे वाया गेले.”

“वळणाला तीन दिलास?”

“तिथे तीन आधीपासूनच असतो. मी पुन्हाही टाइप केला. मालकीणबाई दोनदा डोकावून गेल्या. ती ‘पाहू नये’ फाईल पाहू का?”

“नावच वाच ना तिचं! तिच्यात काही नाही. नुसत्या चुका आहेत.”

इतके बोलून ते कोपरा कसा वळतो हे मनात आठवू लागले. मन म्हणत होते, तीन. परंतु चादरीवर टेकलेले बोट आपोआप हलले. आधी आठाच्या कळीच्या जागी, मग तिनाच्या. मास्तरांनी दुसऱ्या हाताने ते बोट धरून ठेवले. सुटताच ते पुन्हा तसेच गेले.

अखेर ते म्हणाले, “पहा सूनबाई. पण एकटीने पहा.”

पुढचा एक तास त्यांस युगासारखा वाटला. मग फोन आला. प्रथम त्यातून केवळ यंत्राचा आवाज येत होता. मास्तरांनी श्वास रोखून तो ऐकला. सरळ किनार धावत होती. कोपरा आला. दोरा अडखळला असता तर त्यांस सुनेच्या आधी कळले असते. यंत्र किंचित मंदावले, वळले आणि पुन्हा धावू लागले.

“वळला,” मास्तर पुटपुटले.

“वळला, मामंजी! आणि ती तुमची चूक नव्हतीच. चौकटीत तीन नुसता दिसतो, आतमध्ये लागू होत नाही. आकडा बदलला तरच प्रोग्राम जागा होतो. आठ देऊन तीन दिला की मगच घेतो. हे तुमच्या हाताला ठाऊक होतं!”

“बावीस वर्षं मी स्वतःला विसरभोळा समजत होतो,” मास्तर म्हणाले.

“ते तर तुम्ही आहातच,” पत्नी म्हणाली. “चष्मा उशीखाली आहे.”

संध्याकाळी मालकीणबाईंनी नमुना उजेडात धरला, चारही कोपरे अंगठ्याने चाचपले आणि काचेच्या खोलीची किल्ली सूनबाईच्या हाती ठेवली. सूनबाईने प्रथम काय केले म्हणाल, तर ती स्वच्छ, कापलेली फाईल पुसली आणि दुसरीचे नाव बदलून ‘आधी हे पाहावे’ असे ठेवले.

येथे हे निवेदन पूर्ण होते. भाषेत काही उणे-अधिक झाले असल्यास ते माझे समजावे. आपण आपला अमूल्य वेळ दिलात, याबद्दल त्याच कारखान्यात बॉबिन भरणारा मी, आपला दोरेबापू, आपणां सर्व वाचकांचा मनःपूर्वक आभारी आहे.