घशात डोकावणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात बघून कोणी कधी भांग पाडलेला नाही. मी नाण्याएवढा गोल आहे आणि एका लांब दांडीच्या टोकाला तिरका बसवलेला आहे. माणसाच्या घशात शिरून त्याचं स्वरयंत्र दाखवणं हे माझं काम.

एका कारागिराने काच घासून मला या दांडीवर बसवलं, तेव्हापासून मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात आहे. श्वासाने मी धुरकट होऊ नये म्हणून डॉक्टरबाई मला दिव्यावर ऊब देत, मनगटाला लावून बघत आणि मगच घशात घालत. "याच्यावाचून माझं पान हलत नाही," असं त्या म्हणत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पुढे कॅमेऱ्याची बारीक नळी आली आणि मी ट्रेच्या कोपऱ्यात पडून राहिलो.

एकदा ती नळी दुरुस्तीला गेली होती. त्या दिवशी पोहायला शिकवणारे एक सर आले. रुंद खांद्यांचे, पन्नाशीचे. सोबत थोरली बहीण.

"हा सांगणार नाही, मीच सांगते," ताई म्हणाल्या. "दोन महिने झाले याचा आवाज बसलाय."

"तलावावर ओरडून बसलाय," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"सिगारेट?" बाईंनी विचारलं.

"मुलांसमोर ओढत नाही."

"मी मुलांचं नाही विचारलं."

बाईंनी सरांची जीभ कापडाने धरली आणि मला आत घातलं. "ईऽऽ म्हणा."

दोन पांढरेशुभ्र स्वरतंतू दिसायला हवे होते. उजवा तसाच होता. डाव्यावर मात्र खरखरीत, लालसर चट्टा होता. बाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "पुन्हा म्हणा." तो तंतू हलतो का, हे त्यांना बघायचं होतं. हलत होता.

"तुकडा काढून तपासावा लागेल," त्या म्हणाल्या.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. सरांनी विचारलं, "वाईट निघालं तर?"

"खोल गेलं नसेल तर किरणांनी जाईल. खोल गेलं असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. मग श्वास मानेतल्या भोकातून."

"आणि पोहणं?"

"बंद. पाणी थेट फुप्फुसात जाईल."

"काढा तुकडा," सर म्हणाले.

तपासणीत कर्करोगच निघाला. पण तो खोल गेला नव्हता. किरणांचे उपचार ठरले, आणि नेमके तिथेच अडले. सर बाईंसमोर बसलेले असताना विम्यासाठी प्रत्येक आजाराचा सांकेतिक आकडा, म्हणजे कोड, लिहिणाऱ्या बाई कागद घेऊन आल्या.

"डॉक्टर, विम्याच्या मंजुरीचा अर्ज परत आला. तुम्ही नुसतं 'स्वरयंत्राचा कर्करोग' लिहिलंय. तंतूवरचा, त्याच्या वरचा, खालचा, प्रत्येकाचा कोड वेगळा. जागा सांगा."

"घाईत राहिलं माझ्याकडून. स्वरतंतू, डावा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि लगेच तसं लिहून दिलं.

"तोवर हे वाढणार नाही ना?" सरांनी विचारलं. "आजच पाठवतोय," एवढंच डॉक्टरबाई म्हणाल्या. मंजुरी येईपर्यंत ताईंचे रोज फोन येत.

मग किरण सुरू झाले. सरांच्या मानेची कातडी काळवंडली. घोटभर पाणी गिळतानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. शेवटी आवाज पुरता गेला. ते खुणांनी बोलू लागले.

उपचार संपल्यावर काही महिन्यांनी ते तपासणीला आले. आता नळी दुरुस्त झाली होती. मी ट्रेमध्ये पडून होतो, मला काहीच दिसत नव्हतं. मला तर आत जाऊन बघावंसं वाटत होतं.

"साफ आहे," बाई म्हणाल्या. "पण दर महिन्याला यायचं. सिगारेट पुन्हा धरलीत तर मी जबाबदार नाही."

"पाण्यात उतरू?" सरांनी विचारलं. आवाज चिरका होता, पण होता. बाईंनी मान डोलावली. ताई खुर्चीत बसून रडू लागल्या.

मित्रांनो, तपासणीची तारीख जवळ आली की मी अजूनही धास्तावतो. म्हणून सांगतो. घरात कोणाचा आवाज बसला आणि तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही, तर त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे आणा. "मला काही झालेलं नाही" म्हणून ते तुमच्यावर रागावतील. रागावू द्या. रागावण्याइतका आवाज त्यांच्याकडे राहायला हवा.